आत्याचा फॉरवर्ड आणि सात पॉइंट चार

मागच्या वेळी बऱ्याच जणांनी कळवलं की लोकलमध्ये ऐकताना आकडे हातून सुटतात. म्हणून या भागातलं सगळं बोलणं इथे लिहून टाकतेय. बोलले तसंच ठेवलंय, फक्त माझे 'म्हणजे'आणि 'ॲक्च्युअली' थोडे कमी केलेत.

विषयाची सुरुवात एका व्हॉट्सॲप फॉरवर्डने झाली. माझी आत्या खालापूर तालुक्यात राहते. तिने मला एक रील पाठवली. त्यात एक गृहस्थ दोन ग्लास घेऊन उभे आहेत, एकात पिवळं पाणी, एकात निळं. म्हणे तुमचं रक्त ॲसिडिक झालंय, सगळ्या रोगांचं मूळ तेच, आमचं अल्कलाइन पाणी प्या, शुगर गेलीच म्हणून समजा. खाली आत्याने लिहिलं होतं, "अगं, हे पाणी प्यायलं तर त्याची सुई बंद होईल का?"

'त्याची' म्हणजे तिच्या मुलाची, माझ्या आतेभावाची. तो आता कॉलेजात आहे आणि दिवसातून चार वेळा इन्सुलिन घेतो. हसून सोडून देता येईल असा हा मेसेज नव्हता, कारण ज्या मुलाबद्दल ती विचारत होती, त्याचं रक्त एकदा खरोखरच ॲसिडिक झालेलं आम्ही पाहिलंय. तेव्हा आधी ते सांगते, मग पाण्याचं.

काही वर्षांपूर्वीची दिवाळीच्या आधीची गोष्ट. भातकापणी चालू होती. तो तेव्हा दहावीत. महिन्याभरात बारीक झाला होता. घरच्यांना वाटलं, उंची वाढतेय, उन्हात क्रिकेट खेळतो, खाण्यावर लक्ष नाही. माठ दुपारपर्यंत रिकामा करायचा. रात्री तीन-तीनदा लघवीला उठायचा, पण एवढं पाणी प्यायल्यावर उठणारच ना, असा सगळ्यांचा हिशोब. मग उलट्या सुरू झाल्या आणि पोट दुखायला लागलं. घरात निदान तयारच होतं: पित्त. आपल्याकडे पित्त या शब्दात काय काय मावतं बघा. डोकं दुखलं तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्त. जवळच्या एका दवाखान्यात नेलं, तिथेही ॲसिडिटीचं इंजेक्शन मिळालं. दुसऱ्या दिवशी त्याला दम लागायला लागला तेव्हा वाफ दिली.

संध्याकाळी आत्याने व्हिडिओ कॉल केला. मी कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवते, म्हणजे मुलांना हृदय, फुप्फुस, मूत्रपिंड कसं चालतं ते सांगते. पेशंट तपासणं हे माझं काम नाही. पण त्या दिवशी मला मोबाइलवर त्याचा श्वास ऐकू येत होता. भराभर आणि खोल, प्रत्येक श्वास पोटापासून ओढल्यासारखा, धावत कोथळीगड चढून आल्यावर माणूस श्वास घेतो तसा. आणि हा पोरगा तर तासभर खाटेवर पडून होता. मी विचारलं, "छाती वाजतेय का? खोकला?" नाही. "तोंडाला कसला वास येतोय?" आत्या वाकली आणि म्हणाली, "केळी जास्त पिकल्यासारखा."

मी म्हटलं, शेजारी कुणाकडे शुगर बघायचं मशीन असेल तर आत्ता आण. शेजारच्या आजोबांचं मशीन आलं. त्यावर आकडा आलाच नाही, 'हाय' असं आलं. आत्याला वाटलं मशीन चालू होताना नमस्कार करतं. ते इंग्रजीतलं 'हाय' होतं, जास्त या अर्थाचं. बऱ्याचशा मशीनवर साखर सहाशेच्या वर गेली की ते आकडा दाखवणं सोडून देतं आणि हा शब्द दाखवतं.

गाडी काढली आणि चौक मार्गे पनवेल गाठलं. तिथे मनगटातल्या धमनीतून रक्त काढून तपासलं. रक्ताचा पीएच ७.०९.

आता हा आकडा काय आहे ते नीट बघू. कारण तुम्ही म्हणाल ७.४ असायला हवा होता, ७.०९ आहे, म्हणजे पॉइंट तीनचा फरक. त्यात काय एवढं?

पीएच ही मोजपट्टी १९०९ साली कोपनहेगनच्या सोरेनसन यांनी काढली. ते कार्ल्सबर्ग या बिअरच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करायचे. पाण्यात मोकळे फिरणारे हायड्रोजन आयन किती, ते ही पट्टी सांगते. आयन जितके जास्त, तितकं ते द्रावण आम्ल आणि पीएचचा आकडा तितका कमी. गंमत अशी की ही पट्टी आपल्या फुटपट्टीसारखी सरळ नाही. एक अंक खाली म्हणजे आयन दहापट. आणि पॉइंट तीन खाली म्हणजे दुप्पट. म्हणजे माझ्या भावाच्या रक्तात नेहमीपेक्षा दुप्पट आम्ल फिरत होतं.

निरोगी माणसाच्या धमनीतल्या रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ या पट्ट्यात असतो. आयनांच्या भाषेत लिटरमागे सुमारे ४० नॅनोमोल. नॅनो म्हणजे किती चिमुकलं, तर त्याच रक्तात सोडियमचे आयन याच्या जवळजवळ ३५ लाख पट असतात. इतकी कमी गोष्ट इतक्या काटेकोरपणे का सांभाळायची? कारण हायड्रोजन आयन आकाराने लहान आणि स्वभावाने चिकट. प्रथिनांना जाऊन चिकटतो आणि त्यांचा आकार बदलतो. शरीरातलं जवळजवळ सगळं काम प्रथिनंच करतात. आकार बदलला की काम बिघडलं. हृदयाची पकड सैल पडते, मेंदू गुंगीत जातो. साधारण ६.८ च्या खाली किंवा ७.८ च्या वर माणूस फार वेळ तग धरत नाही.

आणि हे सांभाळायचं कुठे, तर अशा शरीरात जे दिवसभर आम्लच तयार करतं! आपण जेवण जाळतो त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, दिवसाला सुमारे तीनशे लिटर. तो पाण्यात विरघळला की कार्बोनिक आम्ल. सोड्याची बाटली उघडल्यावर जिभेला जे टोचतं तेच. शिवाय डाळी, अंडी, मटण यांतल्या प्रथिनांतून थोडं सल्फ्युरिक आम्ल बनतं, ते वायू होऊन उडून जाऊ शकत नाही. म्हणजे दोन प्रकारचा कचरा: एक श्वासातून बाहेर टाकता येण्यासारखा, दुसरा लघवीतूनच काढावा लागणारा.

यासाठी कर्जतकरांना एक उदाहरण देते. पेज नदी बघितलीय ना? मे महिन्यात आजूबाजूचे ओढे कोरडे ठाक पडतात आणि पेजेला पाणी असतं. ते काही तिचं स्वतःचं नाही. घाटावर आंध्र नदीवर ठोकरवाडीचं धरण आहे, तिथलं पाणी भिवपुरीच्या टाटांच्या वीजकेंद्रातून खाली येतं आणि पेजेला मिळतं. पाऊस चार महिने, पण नदी बारमाही, कारण मध्ये कुणीतरी साठा करून ठेवलाय. रक्तात असा साठा बायकार्बोनेटचा असतो. आम्ल आलं की बायकार्बोनेट त्याला पकडतं, त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं आणि तो वायू फुप्फुसातून बाहेर जातो. हिमोग्लोबिन, इतर प्रथिनं, अगदी हाडंसुद्धा या कामात हात लावतात.

उपमा मात्र इथेच सोडते. धरण वर्षातून एकदा भरतं, आपलं मूत्रपिंड हा साठा दर क्षणाला भरत असतं. दिवसभरात ते १८० लिटर द्रव गाळतं, त्यातलं जवळजवळ सगळं बायकार्बोनेट परत रक्तात घेतं आणि वर खर्च झालेलं नव्याने बनवतं. लघवीचा पीएच साडेचारपासून आठपर्यंत कुठेही असू शकतो. तो हलतो, म्हणूनच रक्ताचा हलत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

तीन जण काम करतात, पण तिघांचा वेग वेगळा. बायकार्बोनेट तत्काळ. श्वास काही मिनिटांत. मूत्रपिंड सावकाश, पूर्ण जोर लावायला दोन-तीन दिवस घेतं. पीएच शेवटी ठरतो तो बायकार्बोनेट आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड यांच्या प्रमाणावर. नेहमीचं प्रमाण वीसास एक. तराजूच्या एका पारड्यात मूत्रपिंड, दुसऱ्यात फुप्फुस.

आता परत पनवेलच्या त्या रिपोर्टकडे. बायकार्बोनेट नेहमी २४ असतं, त्याचं होतं ५. साठा जवळजवळ संपलेला. कार्बन डायऑक्साइडचा दाब नेहमी ४० असतो, त्याचा होता १७. तो खाटेवर पडल्यापडल्या जे धापा टाकत होता ना, ते यासाठी. एका पारड्यातलं वजन निघून गेलं म्हणून शरीर दुसऱ्या पारड्यातलंही उपसून बाहेर फेकत होतं. हिशोब केलात तर प्रमाण दहास एकच्या आसपास येतं, म्हणून आम्ल दुप्पट. श्वासाने ही मदत केली नसती, कार्बन डायऑक्साइड चाळीसवरच राहिला असता, तर पीएच ६.७ च्या जवळ गेला असता. म्हणजे मी तुम्हाला आज ही गोष्ट सांगत बसले नसते.

ही खोल धाप १८७४ साली कुसमाउल नावाच्या जर्मन डॉक्टरांनी लिहून ठेवली, तिला त्यांचंच नाव आहे. त्यांनी नोंदवलं ते हेच, की हवा आत-बाहेर जायला कुठे अडथळा नाही आणि तरी माणूस हवेसाठी तडफडतोय. दम्यात छाती वाजते, श्वास बाहेर टाकायला त्रास होतो. इथे फुप्फुस स्वच्छ असतं. ते आजारी नसतंच, ते दुसऱ्याचं काम करत असतं.

मग हे आम्ल आलं कुठून? त्याच्या स्वादुपिंडाने इन्सुलिन बनवणं जवळजवळ बंद केलं होतं. याला टाइप वन मधुमेह म्हणतात, तो बहुतेकदा लहान वयात येतो आणि गोड खाण्याशी त्याचा संबंध नसतो. इन्सुलिन नसलं की रक्तात साखर तुडुंब, पण स्नायू आणि चरबीच्या पेशींना ती आत घेता येत नाही. घरात धान्याची कोठी भरलेली आणि किल्ली हरवलेली. मग शरीर चरबी जाळायला काढतं आणि यकृत त्यातून कीटोन बनवतं. त्यातले मुख्य दोन चक्क आम्ल आहेत. तिसरं ॲसिटोन, नेलपॉलिश काढायच्या द्रवात असतं ते. पिकल्या केळ्याचा वास तो. साखर लघवीतून जाताना पाणी ओढून नेते, म्हणून ती तहान आणि रात्रीचं उठणं. पोटदुखी आणि उलट्या हे या आम्लाचे परिणाम, पित्ताचे नाहीत.

उपचार काय केला? सलाइन, इन्सुलिनची सावकाश धार आणि दर काही तासांनी पोटॅशियमवर नजर, कारण इन्सुलिन द्यायला लागल्यावर रक्तातलं पोटॅशियम पेशींमध्ये शिरतं आणि फार खाली गेलं तर हृदयाची लय बिघडते. सोडा म्हणजे बायकार्बोनेट शिरेतून दिलं का? नाही दिलं. ऐकून नवल वाटेल, पण अगदीच टोकाला गेलेल्या पेशंटमध्येच त्याचा विचार करतात. आम्लाचा नळ बंद करायचा असतो, खाली सांडलेलं पुसत बसायचं नसतं. इन्सुलिन मिळाल्यावर यकृत कीटोन बनवायचं थांबवतं आणि आधीच्या कीटोनचं शरीर स्वतःच बायकार्बोनेट करून घेतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने आत्याकडे वडापाव मागितला. तेव्हा आम्ही सगळे रडलो.

जाता जाता, १९२२ च्या जानेवारीत टोरांटोमध्ये एका मधुमेही मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. भिवपुरीचं वीजकेंद्र सुरू झालं तेही १९२२. त्याच्या आधी अशा मुलांचं जे व्हायचं, ते माझ्या भावाचं झालं असतं.

बरं, श्वासाने पीएच वर-खाली करता येतो म्हटल्यावर एक धोक्याची गोष्ट सांगायलाच हवी. कर्जतच्या फार्महाऊसवर शनिवार-रविवार येणाऱ्यांनी इथे जरा आवाज वाढवा. पूलमध्ये 'कोण पाण्याखाली जास्त वेळ राहतो' ही पैज लागते. कुणीतरी शहाणा सांगतो, आधी पंधरा-वीस मोठे श्वास घे, ऑक्सिजन भरून घे. ऑक्सिजन फारसा भरला जात नाही. धडधाकट माणसाचं हिमोग्लोबिन आधीच ९७-९८ टक्के भरलेलं असतं. त्या मोठ्या श्वासांनी होतं काय, तर कार्बन डायऑक्साइड निघून जातो. आणि 'आता श्वास घे' ही आतून येणारी हाक प्रामुख्याने कार्बन डायऑक्साइड आणि त्याने वाढलेल्या आम्लामुळे येते, ऑक्सिजन कमी झाल्यामुळे नाही. तुम्ही घंटाच काढून ठेवलीत. ऑक्सिजन संपत जातो, हाक येत नाही आणि पाण्याखाली शुद्ध हरपते. हातपाय मारणं नाही, ओरडणं नाही. काठावरच्या मित्रांना वाटतं, काय दम आहे गड्यात. चांगले पोहणारेसुद्धा असेच जातात. ही पैज लावू नका. कुणी लावत असेल तर खेळ मोडा, शिव्या खा.

याची उलटी, तशी कमी धोक्याची बाजू ट्रेकला दिसते. पेबच्या नाहीतर भीमाशंकरच्या शिडी घाटाच्या वाटेवर कुणीतरी खाली बघून घाबरतं. श्वास भराभर सुरू होतो. पायांना तेवढ्या हवेची गरज नसते, म्हणून कार्बन डायऑक्साइड घटतो आणि रक्त अल्कलाइन होतं. हो, तेच अल्कलाइन, ज्याचे पैसे मोजायला लोक तयार आहेत! ते झाल्यावर कसं वाटतं? ओठांना मुंग्या, बोटं आखडतात, डोकं गरगरतं, कारण रक्तातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. अशा माणसाला खाली बसवा, शेजारी बसा, आपल्याबरोबर सावकाश श्वास घ्यायला लावा. तोंडाला कागदी पिशवी लावायचा सिनेमातला प्रकार नको. समोरचा घाबरलाय की त्याला दमा आहे की माझ्या भावासारखं काही झालंय, हे डोंगरावर तुम्हाला ओळखता येणार नाही. आणि माझ्या भावाला त्या संध्याकाळी कुणी पिशवी लावली असती तर?

श्वास बंदच पडत गेला तर काय होतं, याचं आपल्या भागातलं उत्तर म्हणजे मण्यार. कर्जत-खालापूरच्या ठाकूरवाड्या, कातकरीवाड्यांत, वीटभट्टीवरच्या झोपड्यांत माणसं जमिनीवर झोपतात. मण्यार रात्री फिरते, अंथरुणात शिरते. चावल्यावर फारसं दुखत नाही, सूजही नसते, कधी कधी दातांची खूणसुद्धा सापडत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, थुंकी गिळता येत नाही. विष मज्जातंतूंकडून स्नायूंना जाणारा निरोप अडवतं. श्वासाचे स्नायू थकत जातात, कार्बन डायऑक्साइड साचतो, पीएच घसरतो. फुप्फुस ठणठणीत, पण भाता ओढायला कुणी नाही.

इथे १९५२ च्या कोपनहेगनची आठवण येते. पोलिओची मोठी साथ होती. ब्लेगडॅम रुग्णालयात मुलं पटापट दगावत होती. रक्तात बायकार्बोनेटसारखं काहीतरी खूप वाढलेलं दिसायचं, त्यावरून डॉक्टरांना वाटलं रक्त अल्कलाइन झालंय, काही कळत नाही. ब्योर्न इब्सेन हे भूलतज्ज्ञ म्हणाले, उलटं आहे. श्वास पुरत नाही, कार्बन डायऑक्साइड साचलाय, रक्त आम्ल झालंय आणि मूत्रपिंड त्याला तोंड द्यायला बायकार्बोनेट साठवतंय. त्यांनी ऑगस्टमध्ये एका १२ वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेत नळी घालून हाताने पिशवी दाबत श्वास दिला. ती वाचली. मग वैद्यकीचे जवळपास दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून महिनोन्‌महिने पिशव्या दाबत बसले. आजचा आयसीयू तिथून सुरू झाला, आणि भावाच्या मनगटातून रक्त काढून जी तपासणी झाली, तिची सुरुवातही त्याच साथीत त्याच शहरात झाली.

मण्यारीच्या पेशंटला हेच लागतं. सर्पविषावरची लस लवकरात लवकर हवीच, पण एकदा स्नायू लुळे पडल्यावर ती त्यांना लगेच उठवत नाही. विषाचा अंमल उतरेपर्यंत कुणीतरी श्वास देत राहावं लागतं. तो मिळाला तर माणूस काही दिवसांनी चालत घरी जातो. तेव्हा पहाटे कुणी पोटात दुखतंय म्हणालं आणि पापण्या मिटत असतील, तर ओवा नको, भगत नको, १०८ ला फोन. आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपा. आपल्या रायगडात विंचवावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी जे काम केलं, त्यावर वेगळा भाग करायचाय, आज नको.

जुलाबाचं थोडक्यात सांगते. पावसाळ्यात विहिरी गढूळ झाल्या की जुलाब आलेच. जुलाबात पाण्याबरोबर बायकार्बोनेट जातं, म्हणून रक्त आम्लतेकडे झुकतं. उलट्यांत पोटातलं आम्ल जातं, म्हणून उलटं. ओआरएसच्या पुडीवर वाचा, मीठ, ग्लुकोज, पोटॅशियमबरोबर ट्रायसोडियम सायट्रेट लिहिलेलं असतं, २.९ ग्रॅम. यकृत त्याचं बायकार्बोनेट करतं. अख्खी पुडी, एक लिटर पाणी, अर्धी-अर्धी करायची नाही. आणि दुकानात फळांच्या चवीचे गोड डबे ओआरएसच्या नावाने मिळायचे, त्यांत साखर भरमसाट. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने अशा पेयांना ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलंय का ते बघून घ्या.

तर आता आत्याचं पाणी.

समजा पीएच नऊचं एक लिटर पाणी तुम्ही प्यायलात. पोटात जठररस, पीएच दोनच्या आसपास. हिशोब केला तर त्या अख्ख्या लिटरची अल्कलाइन ताकद मोडायला जठररसाचा एक मिलिलिटर पुरतो. पाण्यात क्षार विरघळवले असतील तर थोडा जास्त लागेल. जठर दिवसाला दोनेक लिटर रस बनवतं. म्हणजे ते पाणी पोटाच्या दारातच साधं पाणी होतं. समजा दोन-चार कण पलीकडे गेलेच, तर मूत्रपिंड ते लघवीतून सोडून देईल. विकणारे तुम्हाला कागदाच्या पट्टीने लघवी तपासायला सांगतात आणि रंग बदलला की टाळ्या. मघाचं वाक्य आठवा. लघवीचा पीएच हलतो, म्हणूनच रक्ताचा हलत नाही. रंग बदलला म्हणजे तुमचं मूत्रपिंड चोख काम करतंय, आणि ते फुकट करतंय.

कोकम सरबत, चिंच, लिंबू यांनीही रक्त आम्ल होत नाही. घशाशी जळजळ होते ती पोटातलं आम्ल वर आल्यामुळे, रक्ताशी त्याचा संबंध नाही. मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात डॉक्टर सोड्याच्या गोळ्या देतात, ते खरं, पण तो रक्त तपासून, मोजून दिलेला उपचार. शरीर अल्कलाइन करा म्हणजे रोग जातील, या कल्पनेवर पुस्तकं लिहून नाव कमावलेला रॉबर्ट यंग नावाचा अमेरिकन माणूस २०१६ साली विनापरवाना डॉक्टरकी केल्याबद्दल कॅलिफोर्नियात दोषी ठरला आणि तुरुंगात गेला.

तसं पाणी प्यायल्याने कुणाचं मोठं नुकसान होत नाही. पैसे जातात, जाऊ देत. मला भीती वाटली ती आत्याच्या वाक्यातल्या दुसऱ्या अर्ध्या भागाची. 'सुई बंद होईल का.' टाइप वनच्या मुलाची सुई बंद झाली, तर तो खोल श्वास एक-दोन दिवसांतच परत येऊ शकतो. तापात, उलट्यांत, जेवण जात नसतानाही इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नसतं, उलट साखर आणि कीटोन जास्त वेळा बघायचे आणि डॉक्टरांना फोन करायचा. हे मी तिला टाइप केलं नाही. फोन केला, अर्धा तास बोलले. ती मध्येच म्हणाली, "मला कळतं गं सगळं. पण रोज चार वेळा टोचताना बघायला बरं वाटतं का?" यावर माझ्याकडे शरीरक्रियाशास्त्रातलं काही उत्तर नव्हतं.

मुलांनी आधी पाठवलेल्या प्रश्नांतला एक घेते आणि थांबते. 'ट्रेकच्या दुसऱ्या दिवशी पाय दुखतात ते लॅक्टिक ॲसिड साचल्यामुळे ना?' नाही. चढताना जे लॅक्टेट बनतं, ते थांबल्यावर तासा-दोन तासांत निघून जातं, हृदय आणि यकृत ते वापरूनही टाकतात. दुसऱ्या दिवशीचं दुखणं स्नायूंच्या धाग्यांना झालेल्या बारीक इजांचं, उतरताना जास्त होतात त्या.

प्रश्न आतेभावाचाच होता. तो रविवारी मित्रांबरोबर सोंडाईला जातोय. इन्सुलिन थंड पिशवीत, मशीन, ग्लुकोजची पुडी आणि बिस्किटं घेतलीत का, एवढं विचारलं. तो म्हणाला, "ताई, आईने दोन-दोन भरलंय सगळं."

भेटू पुढच्या भागात.